टाकाऊ द्रव्यांची भूषणे व भेटवस्तू

टाकाऊ द्रव्यांची भूषणे व भेटवस्तू : मूळ उपयोग संपलेल्या, कामातून उरलेल्या किंवा मुळातच अल्पमोल असलेल्या पदार्थांपासून हातांनी तयार केलेले अलंकार, पिशव्या, बटवे, खेळणी, शोभेच्या वस्तू इ. जुन्या साड्या, शिंप्याकडील चिंध्या, रद्दी कागद, लाकडाचे तुकडे, फुटलेल्या बांगड्या, नारळाच्या करवंट्या, बिया, तारा व प्लॅस्टिकची वेष्टने ही या कामाची प्रमुख द्रव्ये होत. मराठीत या प्रकारास ‘टाकाऊतून टिकाऊ’ असे सुटसुटीत नाव रूढ आहे. त्यातील ‘टाकाऊ’ हा शब्द मात्र पदार्थाचा गुण सांगत नाही. तो पदार्थ कोणाच्या हाती आहे, एवढेच सांगतो. सुताराला निरुपयोगी असलेला वीतभर सागवान खेळणी करणाऱ्याच्या दृष्टीने उत्तम कच्चा माल असतो. या हस्तव्यवसायाचे तंत्र आणि अर्थकारण ही दोन्ही या एका गोष्टीवर आधारलेली आहेत.

संज्ञा व भेद : पदार्थ त्याच रूपात पुन्हा वापरणे म्हणजे पुनर्वापर, उदा., मुरंब्याची बरणी लोणच्यासाठी घेणे. पदार्थाचे मूळ रूप मोडून त्यापासून नवे द्रव्य तयार करणे म्हणजे पुनश्चक्रण, उदा., सुती चिंध्यांचा लगदा करून त्याचा कागद बनविणे. या दोहोंच्या मधला तिसरा प्रकार असा, की पदार्थाचे रूप फारसे न मोडता केवळ कल्पकता व श्रम यांच्या बळावर त्याला पूर्वीपेक्षा अधिक मोल आणले जाते. जुन्या साडीच्या काठाचा बटवा हे याचे नेहमीचे उदाहरण होय. प्रस्तुत नोंदीत मुख्यत्वे या तिसऱ्या प्रकाराचा विचार केला आहे.

पूर्वपीठिका : महाराष्ट्रात ही कला हौस म्हणून नव्हे, तर घरसंसाराचा भाग म्हणून वाढली. विरलेल्या लुगड्यांचे व धोतरांचे थर एकावर एक घालून धावदोऱ्याने शिवलेली गोधडी वा वाकळ, जुन्या मऊ कापडाची बाळाची कुंची, झबले व टोपडे, चिंध्यांच्या बाहुल्या आणि रद्दी कागदाच्या लगद्यात मेथीचे पीठ कालवून घडविलेल्या टोपल्या ही याची परिचित उदाहरणे आहेत. बाळंतविड्यात जुन्या साडीचे कापड घालण्यामागे काटकसरीइतकेच व्यावहारिक कारणही होते. वारंवार धुतल्याने सुती कापडातील खळ निघून जाते, धागे मोकळे होतात आणि ते कापड नव्यापेक्षा मऊ व अधिक शोषक बनते. बंगालमधील कांथा हा भरतकामाचा प्रकारही जुन्या धोतर-साड्यांच्या थरांतूनच विकसित झाला.

अल्पमोल द्रव्यांच्या भूषणांची महाराष्ट्रातील सर्वांत वैशिष्ट्यपूर्ण परंपरा म्हणजे हलव्याचे दागिने. खसखस, साबुदाणा किंवा तीळ यांवर मंद आचेवर साखरेचा पाक थोडाथोडा चढवून काटेरी हलवा तयार करतात. तो दोऱ्यात ओवून किंवा पुठ्ठ्यावर बसवून हार, बाजूबंद, तन्मणी, मुकुट असे दागिने बनवितात. मकरसंक्रांतीस नववधूला व बोरन्हाणाच्या वेळी बाळाला ते घालतात. या दागिन्यांत साखर, दोरा व पुठ्ठा यांखेरीज फारसे काही नसते. त्यांचे मोल प्रसंगाने व करणारीच्या कौशल्याने ठरते. संक्रांतीच्या हळदीकुंकवात वाण म्हणून लुटल्या जाणाऱ्या लहानसहान वस्तूंचेही तसेच आहे.

विवाहातील रुखवत हे या कलेचे जणू घरगुती प्रदर्शनच होय. आगपेटीच्या काड्यांचे घर, मण्यांचे तोरण, सुपारीची भटजी-यजमानांची जोडी, डाळी-तांदळाची नक्षी, लोकरीची फुले इ. वस्तू रुखवतात मांडल्या जात. वधूकडील स्त्रियांच्या कलाकौशल्याचे कौतुक त्यामुळे होई, तसेच त्यांच्यावर अपेक्षांचा भारही पडे. त्या श्रमांचा मोबदला मात्र कधीच मोजला गेला नाही. पुढे हीच कला बाजारात आली, तेव्हा ही न मोजण्याची सवयही तिच्याबरोबर आली.

लाकूड व लकडगंज : नागपूर शहराच्या पूर्व भागातील लकडगंज ही इमारती लाकडाच्या व्यापाराची जुनी पेठ आहे. ‘लकडी’ व बाजारपेठ या अर्थाचा ‘गंज’ या दोन शब्दांपासून तिचे नाव बनले. नागपूर महानगरपालिकेच्या एका प्रशासकीय विभागासही तेच नाव आहे. विदर्भाच्या व लगतच्या मध्य प्रदेशाच्या जंगलांतील साग हे या प्रदेशाचे प्रसिद्ध इमारती लाकूड होय. त्याखेरीज बिबळा, ऐन, शिवण, हळदू इ. लाकडेही येथील वनांत मिळतात. लकडगंजातील आरा गिरण्यांत व वखारींत ओंडके चिरून फळ्या, चौकटी व वासे तयार केले जातात.

ओंडका चिरताना त्याचा सर्व भाग फळीच्या रूपाने हाती येत नाही. लाकडाची जात, ओंडक्याचा सरळपणा व करवतीच्या पात्याची जाडी यांनुसार सामान्यतः तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत भाग भुसा, सालीकडील पट्ट्या व आखूड तुकडे यांच्या रूपाने बाजूला पडतो. तथापि हा भाग कचरा असतो असे मानणे चुकीचे ठरेल. भुसा इंधनासाठी जातो, सालीकडील पट्ट्या सरपणाला किंवा तात्पुरत्या कुंपणाला लागतात आणि बऱ्यापैकी लांबीच्या तुकड्यांच्या लहान चौकटी व पाट होतात. ज्या तुकड्याला सरपणापलीकडे मोल येत नाही, तो भूषणे व खेळणी करणाऱ्याच्या खऱ्या उपयोगाचा असतो. सागाचा असा तुकडा जळून जाण्याऐवजी कर्णभूषण, किल्ल्यांची साखळी, लेखणीचे घर किंवा खेळणे बनला, तर त्याच्या मोलात कित्येक पटींनी भर पडते.

नागपुरात या लहान लाकूडकामाला तान्हा पोळ्याची हक्काची बाजारपेठ आहे. श्रावण अमावस्येला शेतकऱ्यांच्या बैलांचा पोळा भरतो, तर दुसऱ्या दिवशी, भाद्रपद शुद्ध प्रतिपदेला, मुलांचा तान्हा पोळा साजरा होतो. मुले चाके लावलेले लाकडी नंदी सजवून घरोघर नेतात आणि त्यांना ‘बोजारा’ म्हणून खाऊ वा पैसे देण्याची रीत आहे. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून ही प्रथा चालत आल्याचे परंपरा सांगते. मोठा नंदी चांगल्या ओंडक्यातून कोरावा लागतो; परंतु वीतभर नंदीला फर्निचरच्या कामातून उरलेला ठोकळा पुरतो. त्याची झूल चिंधीची, बाशिंग रंगीत कागदाचे व घुंगरू जुन्या दागिन्यातले असू शकते. अशा प्रकारे एकाच खेळण्यात या कलेची बहुतेक द्रव्ये एकत्र येतात. त्याच दिवशी नागपुरात निघणाऱ्या मारबतीच्या मिरवणुकीतील बडगेही बांबू, कागद व कापड अशा साध्या साहित्याचे केलेले असतात.

लाकडी भूषणांच्या तंत्रात पहिला नियम तंतूंच्या दिशेचा आहे. लाकूड तंतूंच्या लांबीत बळकट व आडवे कमजोर असते. म्हणून तीन-चार मिमी. जाडीचे कर्णभूषण कापताना तंतू त्याच्या लांबीतून जातील असे पाहावे लागते. अन्यथा ते भोक पाडतानाच दुभंगते. दुसरा नियम ओलाव्याचा. नागपूरचा उन्हाळा अतिशय कोरडा असून तापमान ४५° से. वर जाते आणि त्यापाठोपाठ दमट पावसाळा येतो. या फेऱ्यात लाकूड आडव्या दिशेने आकसते व फुगते, लांबीत मात्र त्याच्यात नगण्य फरक पडतो. न मुरलेल्या तुकड्याची वस्तू त्यामुळे मे महिन्यात तडकते. इमारतीतून निघालेल्या जुन्या चौकटींचे लाकूड वर्षानुवर्षे मुरलेले असल्याने या कामास विशेष चांगले. त्यातील खिळे मात्र करवत लावण्यापूर्वी शोधून काढावे लागतात. सागात नैसर्गिक तेलकटपणा असतो. तो सरसाला व इतर आसंजकांना अडथळा आणतो. त्यामुळे जोडावयाचा पृष्ठभाग आधी स्पिरिटने पुसून घेतात. कापलेला तुकडा जाड, मध्यम व बारीक अशा काचकागदांनी क्रमाने घासून त्यावर जवसाचे तेल, मेण किंवा लाखेचे व्हार्निश चढवितात.

कापड : साडीचा मधला भाग आधी विरतो, काठ व पदर मात्र घट्ट विणीमुळे अधिक काळ टिकतात. त्यामुळे जुन्या पैठणीचे वा नागपुरी साडीचे काठ बटवे, पट्टे, उशांचे अभ्रे व भेटपाकिटे यांसाठी निवडले जातात. खऱ्या जरीचे जुने कापड जाळून त्यातील चांदी काढून घेण्याची पद्धत पूर्वापार आहे. तेव्हा असे कापड कापण्यापूर्वी त्याची पारख करणे इष्ट ठरते. सहावारी साडीचे क्षेत्रफळ सुमारे सहा चौ. मी. असते. विरलेला भाग वगळूनही तीतून बाजारात नेण्याजोग्या आठ-दहा पिशव्या निघतात. विरलेल्या कापडाला मागून अस्तराचा थर देऊन दाट धावदोरा घातल्यास ते भार सहन करते. हे गोधडीचेच तंत्र होय.

नागपूरला कापडाच्या चिंध्यांची कधी वाण नव्हती. कोष्टी विणकरांचे हातमाग, १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटा यांनी सुरू केलेली व आता बंद झालेली एम्प्रेस मिल आणि लकडगंजच्या नजीकची इतवारी-गांधीबाग ही कापडपेठ यांमुळे येथे वस्त्रव्यवसाय दीर्घकाळ नांदला. घरोघरच्या जुन्या कपड्यांच्या बदल्यात भांडी देणाऱ्या बोहारणी हा या व्यवहारातील महत्त्वाचा दुवा होता. जुना कपडा ‘फेकला’ जातो, ही समजूत किती अलीकडची आहे, हे त्यांच्या व्यवसायावरून कळून येते.

कागद : रद्दीपासून भूषणे करण्याची सोपी रीत म्हणजे कागदी मणी. रंगीत छपाईच्या कागदाची पंचवीस-तीस सेंमी. लांब त्रिकोणी पट्टी रुंद टोकाकडून सुईवर घट्ट गुंडाळतात आणि निमुळते टोक खळीने चिकटवितात. त्यामुळे मध्ये फुगीर व कडांना निमुळता असा मणी तयार होतो. व्हार्निशचे दोन-तीन हात दिल्यावर तो घाम व ओल बऱ्याच प्रमाणात सोसतो. पट्टीची रुंदी मण्याची लांबी ठरविते, तर पट्टीची लांबी त्याची जाडी ठरविते. लगद्याच्या वस्तूंसाठी कागद दोन-तीन दिवस भिजवून कुटतात व त्यात खळ, मेथीचे पीठ किंवा मुलतानी माती मिसळतात. काश्मीरमधील याच तंत्राच्या रंगीत पेट्या व पेले जगप्रसिद्ध आहेत.

पुनश्चक्रणाच्या मार्गाने कागद करण्याच्या कामाला विदर्भात महत्त्वाचा इतिहास आहे. १९३४ मध्ये म. गांधींच्या प्रेरणेने वर्धा येथे अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. अर्थशास्त्रज्ञ जे. सी. कुमारप्पा यांच्या देखरेखीखाली मगनवाडीत जे ग्रामोद्योग हाती घेण्यात आले, त्यांत हातकागदाचा समावेश होता. पुणे येथील हातकागद संस्था १९४० मध्ये स्थापन झाली. सुती चिंध्यांतील तंतू लांब असल्यामुळे त्यांचा कागद बळकट होतो. त्याच्या वह्या, पिशव्या, शुभेच्छापत्रे व पेट्या भेट म्हणून दिल्या जातात. वर्धा येथील महात्मा गांधी ग्रामीण औद्योगीकरण संस्था ग्रामोद्योगांच्या तंत्रज्ञानाचे कार्य करीत आहे.

काच, करवंट्या, बिया व प्लॅस्टिक : फुटलेल्या बांगडीचा तुकडा दिव्याच्या वा मेणबत्तीच्या ज्योतीत धरला असता मऊ होऊन वाकतो. त्याची टोके एकमेकांजवळ आणून कडी करावयाची व अशा कड्या एकमेकींत गुंफून साखळी वा तोरण बनवावयाचे, हा महाराष्ट्रातील मुलींचा जुना खेळ होता. चंडीगढ येथे नेकचंद यांनी उभारलेल्या व १९७६ मध्ये जनतेसाठी खुल्या झालेल्या शिल्पोद्यानात फुटक्या बांगड्या, चिनी मातीचे तुकडे व कारखान्यांतील टाकाऊ वस्तू यांतून शेकडो मूर्ती साकार झाल्या आहेत. कलेच्या क्षेत्रातही या विचाराला मान्यता मिळाली. पाब्लो पिकासोने १९४२ मध्ये सायकलची बैठक व मूठदांडा एकत्र जोडून ‘बैलाचे डोके’ हे शिल्प केले.

कोकणात व गोव्यात नारळाच्या करवंटीपासून बांगड्या, गुंड्या व पेले बनतात. करवंटी कठीण असल्याने ती घासण्यास वेळ लागतो, परंतु तिला मुळातच सुंदर झिलई येते. विदर्भात मेळघाट व चंद्रपूर भागातील बांबूच्या राख्या व दागिन्यांना गेल्या काही वर्षांत मागणी आली आहे. महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली आणि १ जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरावयाच्या काही प्लॅस्टिक वस्तूंवर निर्बंध आले. त्यामुळे कापडी व कागदी पिशव्यांच्या उत्पादनास चालना मिळाली. जी वेष्टने अनेक थरांची असल्याने वितळवून पुन्हा वापरता येत नाहीत, त्यांच्या पट्ट्या कापून विणलेल्या चटया व पिशव्याही बाजारात दिसतात.

शिक्षणातील स्थान : ऑक्टोबर १९३७ मधील वर्धा शिक्षण परिषदेत मांडल्या गेलेल्या मूलोद्योग शिक्षणाच्या विचाराने हस्तव्यवसायाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणले. १९६४–६६ च्या कोठारी आयोगाने कार्यानुभवाची शिफारस केली आणि पुढे महाराष्ट्रातील शाळांत तो विषय रूढ झाला. कित्येक पिढ्यांना टाकाऊतून टिकाऊची ओळख याच तासाला झाली. अरविंद गुप्ता यांनी आगपेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी, जुने कागद अशा द्रव्यांपासून विज्ञानाची खेळणी तयार करून या विचाराला वेगळी दिशा दिली. पुण्यातील ‘आयुका’ या संस्थेच्या मुलांसाठी असलेल्या विज्ञानकेंद्रात त्यांनी दीर्घकाळ कार्य केले; २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री देण्यात आली. शाळांत मात्र एक विसंगती शिरली. टाकाऊ वस्तू आणावयास सांगितल्यावर आइसक्रीमच्या नव्या काड्यांचे गठ्ठे, नवे चकचकीत कागद व तयार मणी दुकानातून विकत आणले जातात. अशा वेळी वस्तू टाकाऊतून तर होत नाहीच, उलट कचऱ्यात नवी भर पडते.

सुरक्षितता : अल्पमोल द्रव्य निर्धोक असतेच असे नाही. लाकडाची बारीक धूळ श्वसनमार्गाला अपायकारक असून आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने ती मानवात कर्करोग उत्पन्न करणारी ठरविली आहे. म्हणून घासण्याचे काम मोकळ्या जागेत व नाकातोंडाला आच्छादन बांधून करावे. प्लायवुड व भुसाफळ्या यांतील आसंजकात फॉर्माल्डिहाइड असू शकते, तर जुन्या रंगवलेल्या चौकटींवरील रंगात शिसे असण्याचा संभव असतो. मुलांच्या खेळण्यांसाठी हे दोन्ही वर्ज्य होत. वाळवीरोधक रसायने लावलेल्या लाकडाविषयीही हीच दक्षता घ्यावी. छापील कागदाच्या शाईचा खाद्यपदार्थांशी संपर्क येऊ देऊ नये. बांगड्यांच्या काचेची टोके ज्योतीत गोल केल्याविना भूषणात वापरू नयेत. प्लॅस्टिक वितळविताना निघणारा धूर विषारी असल्याने घरात ते वितळविणे टाळावे.

अर्थकारण : महाराष्ट्रात १९७५ मध्ये स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ व ठिकठिकाणचे बचत गट यांच्यामुळे अशा वस्तूंना घराबाहेरची वाट मिळाली. नागपूर येथील दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राचे हस्तकला मेळे व राज्यातील ‘महालक्ष्मी सरस’ यांसारखी प्रदर्शने ही विक्रीची प्रमुख स्थळे होत. किंमत ठरविण्याचा प्रश्न मात्र बिकट असतो. समजा, जुन्या साडीची एक पिशवी १२० रुपयांना विकली गेली. दोरा, अस्तर व साखळी यांना ३० रुपये लागले. कापड फुकट मिळाले म्हणून करणारी उरलेले ९० रुपये नफा समजते. परंतु कापणी, शिवण व सजावट यांत तीन तास गेले असतील, तर तिला ताशी ३० रुपये पडले; नफा मुळीच झाला नाही, मजुरीही अपुरीच मिळाली. द्रव्य जितके स्वस्त, तितका वस्तूच्या किमतीतील श्रमाचा वाटा मोठा असतो. म्हणून या व्यवसायात श्रमांचा हिशेब न ठेवणे हे इतर कोणत्याही व्यवसायापेक्षा अधिक नुकसानकारक ठरते. ‘टाकाऊपासूनच केले आहे ना’ असे म्हणून घासाघीस करणारा ग्राहक द्रव्याची किंमत देऊ पाहतो. विकणारीने मांडलेली असते ती हातांची.

दुसरा प्रश्न द्रव्याच्या मालकीचा. कागद, काच, पत्रा वेचणाऱ्यांचा उदरनिर्वाह ज्या मालावर चालतो, तोच माल मोठ्या प्रमाणावर अन्यत्र वळविला गेला, तर त्यांची मिळकत घटते. पुण्यात कचरावेचकांनी १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही संघटना उभारली व आपले काम हे समाजोपयोगी श्रम असल्याचे प्रस्थापित केले. कलावस्तू करणाऱ्यांनी वर्गीकृत माल अशा कष्टकऱ्यांकडून रास्त दराने विकत घेणे, हा दोघांच्याही हिताचा मार्ग होय.

मर्यादा व महत्त्व : शहराच्या कचऱ्याच्या मानाने या कलेत खपणारे द्रव्य अगदी अल्प असते. नागपूरचा कचरा ज्या भांडेवाडीत जातो, तेथील ढीग बटव्यांनी व कर्णभूषणांनी कमी होणार नाहीत. त्यासाठी घरातच ओला व सुका कचरा वेगळा करणे, महानगरपालिकेची प्रक्रिया केंद्रे व मुळात कमी वापर हेच उपाय होत. या कलेचे महत्त्व निराळे आहे. ती पदार्थाकडे पाहण्याची दृष्टी देते, थोड्या भांडवलात कुशल हातांना काम देते आणि भेटीचे मोल किमतीवरून नव्हे, तर तिच्यामागील परिश्रमांवरून करावयास शिकविते. हे परिश्रम पैशांतही मोजले जातात, तेथे ती एक व्यवसाय म्हणून टिकते. जेथे ते मोजले जात नाहीत, तेथे वस्तू टिकाऊ ठरली तरी ती करणारीचा व्यवसाय टिकत नाही.